डोळे मिटा म्हणायचं नाही

ड्रू मेबरीच्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर एक नियम लिहिला जायचा आणि सत्र संपेपर्यंत तो कुणी पुसायचं नाही. समोरच्या माणसाला डोळे मिटायला सांगायचं नाही, एवढाच तो नियम.

नवी पोरं एकमेकांकडे बघायची. समुपदेशक व्हायला आलेली ही मुलं. बाकीच्या प्रत्येक वर्गात त्यांना शिकवलेलं असायचं, की घाबरलेल्या माणसाला आधी डोळे मिटायला सांगा, मग श्वासाकडे लक्ष द्यायला सांगा. आणि इथे ही कानापर्यंत केस कापलेली, पुरुषी बूट घालणारी बाई नेमकं तेच बंद करून बसलेली.

"मग करायचं काय, मिस ड्रू? टक लावून बघत बसायचं?" दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

"खिडकीबाहेर बघायला सांग. स्वतःच्या बुटांकडे बघायला सांग. नाहीतर तुझ्या या टायकडे बघायला सांग, माणूस रडता रडता हसेल."

आणखीही नियम होते. रडणाऱ्याच्या खांद्यावर न विचारता हात ठेवायचा नाही. माणूस आणि दार यांच्या मध्ये आपली खुर्ची मांडायची नाही. 'तुमच्यासाठी प्रार्थना करीन' हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळायचं. आमच्या डोंगराळ टेनेसीत हे शेवटचं सगळ्यात कठीण. इथे पेट्रोल भरताना अनोळखी माणसालाही लोक ते म्हणून जातात.

मी त्याच मजल्यावर कायदा आणि नीतिनियम शिकवते. माझ्या तासाला पोरं पेंगतात आणि तिच्या तासाला ताठ बसतात, हे मी कधीच मान्य केलं नसतं. पण आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ आहे. तिचं सगळं मला ऐकू यायचं. धर्माने ज्यांच्या मनाला जखम केली अशा लोकांवर उपचार कसे करायचे, हा तिचा विषय. तो विषय अभ्यासक्रमात आणायला तिला विभागप्रमुखांशी दोन वर्षं भांडावं लागलं. "आपल्या भागात धर्म ही लोकांची ताकद आहे, जखम नाही," असं ते बैठकीत म्हणाले, तेव्हा ड्रू म्हणाली, "ज्यात ताकद नसते, त्याने जखम होते का हो, सर?" त्यांनी कागद आवरले आणि विषय मंजूर झाला.

शहरातून येणारे काही तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवून सांगतात, की लोकांना यातून बाहेर काढा, त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडवा. ड्रूला असल्या लोकांचा भारी राग यायचा, आणि मलाही येतो. ती पोरांना सांगायची, "कुणाचा देव काढून घेणं आपलं काम नाही. परत मिळवून देणंही नाही. माणूस खांद्यावर दोन ओझी घेऊन येतो, एक खऱ्या चुकीचं आणि एक खोट्या दोषाचं. ती दोन वेगळी करायला त्याला मदत करा. पुढचं तो बघेल."

हे ती इतरांना शिकवायची. तिच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र पन्नास वर्षं एक ओझं होतं, आणि ते तिला उतरवता आलेलं नव्हतं. ते काय होतं, हे आत्ताच सांगून टाकते.

ड्रूचे वडील ब्रदर हॉयट मेबरी, लॉरेल क्रीकच्या लहानशा चर्चचे पाळक. दिवसा लाकडाच्या गिरणीत काम, बुधवारी आणि रविवारी उपदेश. आमच्याही घरचे चर्चला जायचे, पण आमचं चर्च सौम्य. उपदेश लांबला तर माझी आई घड्याळाकडे बघून खोकायची आणि पाळक आटपतं घ्यायचे. लॉरेल क्रीकला तसं नव्हतं. तिथे सभेवर पवित्र आत्मा उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि शेवटी ती हाक यायची, जी या डोंगरातल्या प्रत्येक पोराच्या कानात असते: "सगळ्यांनी माना खाली घाला. डोळे मिटा. कुणी इकडे-तिकडे बघायचं नाही. प्रभू ज्याला बोलावतोय त्याने फक्त हात वर करा." पियानो हळू वाजत असतो. मग पाळक म्हणतो, "दिसला हात. देव तुमचं भलं करो. तिकडे मागे, दिसला." हात वर करणारा मग पुढे वेदीपाशी जातो, त्याच्यासाठी प्रार्थना होते आणि सभा सुटते. एकही हात वर झाला नाही, तर शेवटचं कडवं पुन्हा. आणि पुन्हा.

ड्रूची आई अर्वेला त्या शरद ऋतूत आजारी होती. छातीत कफ, अंगात ताप. डॉक्टर अर्ध्या तासावर होता, पण लॉरेल क्रीकच्या लोकांच्या मते डॉक्टरकडे जाणं म्हणजे प्रभूवर विश्वास नसल्याची जाहीर कबुली. त्यातून पाळकाची बायको. उज्जीवन सभेचा, म्हणजे लोकांचा विश्वास नव्याने जागवायचा आठवडा होता, रोज संध्याकाळी चर्च. शेवटच्या दिवशी दहा वर्षांची ड्रू आईला टेकून बसली होती. आईचा श्वास घरघरत होता. हाक सुरू झाली, कडव्यामागून कडवं चाललं, आणि ड्रूने डोळे उघडले. तिने मान वळवून पूर्ण सभा बघितली. सगळे डोळे मिटून बसले होते आणि एकाचाही हात वर नव्हता. तेवढ्यात वडील म्हणाले, "दिसला हात. देवाची स्तुती असो." त्यांनी पुढे कुणाला बोलावलंही नाही, तिथेच आशीर्वाद देऊन सभा सोडली.

त्या क्षणी तिच्या मनात आलं, की डॅडी खोटं बोलतात. मग कदाचित सगळंच खोटं असेल. एवढाच तो विचार, लहान पोरीचा.

पंधरवड्यात आई गेली. दफनाच्या दिवशी शेजारणी स्वयंपाकघरात शिजवलेलं अन्न घेऊन जमल्या होत्या. कुणी घेवड्याची उसळ आणलेली, कुणी मक्याचा पाव. चर्चमधली सिस्टर ओपल नावाची बाई केक कापता कापता म्हणाली, "प्रार्थना तर सगळ्यांनी केली. या घरातच कुणाचा तरी विश्वास कच्चा पडला." टेबलाखाली बसलेल्या ड्रूने ते ऐकलं. कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही.

पुढे ती घर सोडून गेली, चर्च सोडलं, केस कापले. रुग्णालयात रुग्णांच्या चादरी बदलण्यापासून सुरुवात करून उशिरा शिकली. आपल्या शंकेने आई मेली नाही, न्यूमोनियाने मेली, हे तिला इतर कुणाहीपेक्षा चांगलं समजत होतं. समजून उपयोग नव्हता. दर गुरुवारी ती वृद्धाश्रमात वडिलांना भेटायला जायची. केळ्याचं पुडिंग न्यायची. नव्वदीला टेकलेले वडील आणि साठीची लेक हवापाण्याबद्दल, त्यांच्या जुन्या ब्यूइक गाडीबद्दल बोलायचे. आईचं नाव त्या खोलीत कधी निघालं नाही. विचारलं आणि त्यांनी सिस्टर ओपलचंच म्हणणं खरं म्हटलं तर? ही भीती तिला वाटत होती, आणि ती विचारत नव्हती.

हे सगळं उलगडलं त्या वर्षीच्या तुकडीत टोबिन स्टिल्टनर होता. सहा फुटांहून उंच, तोंडाळ आणि मनाने चांगला. त्याचे आजोबा नावाजलेले उपदेशक. आवाज त्याला त्यांच्याकडून आलेला. त्या आवाजात तो वाणसामानाची यादी वाचत बसला असता तरी लोक मन लावून ऐकत बसले असते.

"तुझ्या आवाजाची मला भीती वाटते, पोरा," ड्रू त्याला सर्वांसमोर म्हणायची.

"का, मिस ड्रू? गोड आहे म्हणून?"

"सरावाचा आहे म्हणून. तुझ्याआधी तीन पिढ्यांनी वापरलेला आहे तो."

टोबिन हसायचा. त्याचं स्वतःचं चर्चशी भांडण नव्हतं. तो रविवारी जायचा, गायचा, आजीला हात धरून पायऱ्या उतरवायचा. ड्रूला तेच आवडायचं. चिडून आलेल्या पोरांपेक्षा हा बरा, म्हणायची, याला लोकांचं भलं करायचंय, कुणाचा सूड घ्यायचा नाहीये.

आमच्या विभागात सरावाची एक खोली आहे. तिची एक भिंत काचेची. आतल्याला ती आरसा दिसते, बाहेरच्याला आरपार दिसतं. विद्यार्थी आत खऱ्या माणसाशी बोलतो, शिक्षक आणि बाकीचे बाहेरून बघतात. आत येणाऱ्याला हे आधी सांगून त्याची संमती घेतलेली असते. त्या ऑक्टोबरात टोबिनकडे जी बाई आली तिला मी कॉर्डी म्हणेन. खरं नाव दुसरं. हे लिहायला तिने परवानगी दिली आणि 'कॉर्डी' हे नावही तिनेच निवडलं. तिच्या मामॉचं, म्हणजे आजीचं.

कॉर्डी शाळेची बस चालवायची. चाळिशीची, रुंद खांद्यांची. वर्षभरापूर्वी तिने चर्च सोडलं होतं आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिची छाती आवळून यायची, हात बधिर व्हायचे. डॉक्टरांनी हृदय तपासलं, ते ठणठणीत. ती टोबिनला म्हणाली, "हे बघा, मी असल्या बोलण्याबिलण्यावर विश्वास ठेवणारी बाई नाही. नवऱ्याने शपथ घातली म्हणून आले. हा शेवटचा उपाय. सोमवारी माझ्या गाडीत चाळीस लेकरं असतात, आणि माझे हात बधिर होऊन चालायचं नाही."

टोबिनने सुरुवात छान केली. मी त्या दिवशी काचेबाहेर होते, नीतिनियमांचं परीक्षण माझ्याकडे असतं म्हणून. तो कमी बोलला, ऐकलं जास्त. पण रविवारची गोष्ट सांगता सांगता कॉर्डीचा श्वास अडकायला लागला. ओठ पांढरे पडले. आणि टोबिन घाबरला. घाबरलेला माणूस शिकवलेलं विसरतो आणि मुरलेलं बाहेर काढतो. तो पुढे झुकला आणि आजोबांच्या त्या मऊ, खालच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाला, "काही हरकत नाही. मान जरा खाली घ्या. डोळे मिटा. इथे तुमच्याकडे कुणी बघत नाहीये."

"नको," ड्रू काचेबाहेर म्हणाली. आत ऐकू जायची सोय नव्हती.

कॉर्डीने मान खाली घातली. डोळे मिटले. आणि तिचा उजवा हात, कुणी वर ओढावा तसा, हळूहळू खांद्याच्या वर गेला आणि तिथे थांबला.

माझ्या शेजारची एक मुलगी घाबरून हसली. आमच्यातल्या प्रत्येकाला तो हात ओळखीचा होता. टोबिनलाही. त्याने त्या हाताकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून, त्याने ठरवलेलं नसताना, निघालं, "दिसला हात. देव तुमचं भलं करो."

कॉर्डीने डोळे उघडले. स्वतःच्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिने पर्स उचलली आणि निघून गेली. त्या दिवशी दाराच्या वाटेत खुर्ची नव्हती, तेवढा एक नियम टोबिनने पाळला होता.

वर्गात आल्यावर तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. एवढा मोठा पोरगा, रडत होता. "मी सोडतो हे," म्हणाला. "गिरणीत जातो. लाकडाचं तरी मी काही वाईट करू शकणार नाही."

मला वाटलं आता ड्रू त्याला फाडून खाईल. तिने एक खुर्ची ओढली, त्याच्यासमोर मांडली आणि बसली. मग फळ्यावरच्या नियमाकडे न बघता तिने आम्हा सगळ्यांना लॉरेल क्रीकची गोष्ट सांगितली. आई, घरघर, उघडलेले डोळे, सिस्टर ओपल, केक. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत होते मी, आणि मला त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला.

"म्हणून मी तो नियम लिहिते," ती म्हणाली. "पुस्तकातून नाही आला तो."

टोबिनने बाहीने नाक पुसलं. "मग ते गेलं का, मिस ड्रू? तुमच्या मनातलं?"

"नाही."

"एवढं सगळं शिकूनही?"

"शिकून कळतं, पोरा. जात नाही."

"तुम्ही त्यांना कधी विचारलंत? तुमच्या डॅडींना?"

ड्रू उठली. "तास संपला," म्हणाली. तास संपायला अजून वेळ होता, पण कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

तिने टोबिनला सोडू दिलं नाही. कॉर्डीला फोन तिने स्वतः केला. आमच्याकडून चूक झाली, असं सरळ सांगितलं. दुसरा समुपदेशक हवा असेल तर देऊ, काहीच नको असेल तर तेही ठीक. पण ज्याने चूक केली त्याला तुमची माफी मागायची आहे, तुमची तयारी असली तर. कॉर्डी म्हणाली, "माफी नको मला. मला त्याच्यावर ओरडायचंय."

"मग तर याच," ड्रू म्हणाली.

ती आली. या वेळी काचेबाहेर फक्त ड्रू आणि मी, तेही कॉर्डीला विचारून. टोबिन तिच्यासमोर बसला.

"मिस कॉर्डी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच पंचविशीतल्या साध्या पोराचा वाटला, "त्या दिवशी मी तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं. ते चुकलं. मग मी जे म्हणालो ते त्याहून चुकलं. तुम्ही इथे मदत मागायला आला होता आणि मी तुम्हाला पुन्हा त्याच बाकावर नेऊन बसवलं."

कॉर्डी ओरडली नाही. तिने विचारलं, "तू कुणाचा रे?"

"ब्रदर एल्डन स्टिल्टनरचा नातू."

"तरीच. ऐकलंय मी त्यांना. रडवायचे माणसाला." तिने पर्स मांडीवरून खाली ठेवली. "घरी गेल्यावर मी विचार करत बसले, की माझा हात का वर गेला. माझी तर काही इच्छा नव्हती."

"मग का गेला?" टोबिनने विचारलं. त्याने एवढंच विचारलं आणि थांबला.

"लवकर संपावं म्हणून." ती स्वतःच चकित झाली. "मी नेहमी त्यासाठीच करायचे. धाकटा भाऊ भुकेने कुरकुरायचा, त्याला चिमटे काढून गप्प बसवायचे. कुणीतरी हात वर केल्याशिवाय सोडत नसत ना. मग मीच करायचे. पुढे जायचे, लोक रडायचे, अंगावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, सोड तुझ्यातलं पाप, सोड. आठ वर्षांची होते मी. माझ्यात कसलं पाप? तरी मी काहीतरी शोधून काढायचे. माझं पापातून इतक्या वेळा तारण झालंय, की वर स्वर्गात माझ्या कागदांचं वेगळं कपाट असेल." ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. टोबिन जागचा हलला नाही. कागदी रुमालांचा डबा त्याने तिच्या हाताशी सरकवला, बस.

थोड्या वेळाने कॉर्डी म्हणाली, "आणि कधी मी नाही केला वर, तर पाळकच म्हणायचे, दिसला हात. कुणाचाच नसायचा. मी बोटांच्या फटीतून बघायचे ना."

माझ्या शेजारी ड्रूने काचेवर तळहात टेकला. "हिनेही बघितलं होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाली, "आयव्हा जीन, हिनेही बघितलं होतं." साठ वर्षांच्या, एवढं शिकलेल्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की डोळे उघडणारी ती एकटीच नव्हती. अशा गोष्टी पुस्तकात हजारदा वाचून अंगाला लागत नाहीत.

त्या गुरुवारी ड्रूने मला गाडी चालवायला सांगितलं. मी हळू चालवते, तुझ्यासारखी मला घाई नसते, असं मी म्हटलं तर तिने उलट टोमणा मारला नाही, तेव्हाच मी समजले. पुडिंगचा डबा तिने दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता.

ब्रदर हॉयट खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसले होते, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्यांची आठवण ये-जा करायची. त्या दिवशी ती होती. त्यांनी मला नावाने ओळखलं आणि माझ्या वडिलांच्या घोड्याबद्दल विचारलं.

मी दारापाशी उभी राहिले. ड्रू त्यांच्यासमोर बसली.

"डॅडी, एक विचारायचंय. आई गेली त्या वर्षीची उज्जीवन सभा. शेवटचा दिवस. हात किती वर होते?"

म्हातारा बाहेर बघत राहिला. मला वाटलं, गेली आठवण. मग तो म्हणाला, "एकही नाही."

ड्रूने श्वास घेतला तो मला दारापर्यंत ऐकू आला.

"तिला बसवत नव्हतं," ते म्हणाले. "मला वरून दिसत होतं. तिचे ओठ निळे पडायला लागलेले. पण चर्चचा कारभार बघणारी वडीलमंडळी मागच्या बाकावर होती. हात वर झाल्याशिवाय सभा सोडली असती तर म्हणाले असते, बायकोसाठी याने प्रभूचं काम थांबवलं. म्हणून म्हणालो, दिसला. देवाच्या घरात, देवाच्या नावाने खोटं बोललो." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "तू बघत होतीस. तुझे डोळे उघडे होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एवढ्या सभेत दोनच जणांचे डोळे उघडे होते, पोरी. तुझे आणि माझे."

"मग मला बोलला का नाहीत? इतकी वर्षं?"

"काय बोलू? ओपल तुला आठवते? दफनाच्या दिवशी स्वयंपाकघरात म्हणाली, या घरात कुणाचा तरी विश्वास कच्चा पडला. मी दारातच उभा होतो. मला वाटलं, हिला कळलं. मी खोटं बोललो आणि प्रभूने अर्वेलाला नेलं. तू तर बघितलंच होतंस. तू घर सोडून गेलीस तेव्हा मला वाटलं, बरोबर केलं पोरीने. असल्या बापापाशी कशाला राहील?"

"मी टेबलाखाली होते," ड्रू म्हणाली. "मला वाटलं, ती मला म्हणतेय."

एका बाईने केक कापताना टाकलेलं एक वाक्य, आणि बाप-लेक ते वेगवेगळं उचलून आयुष्यभर चालत राहिले होते, एकमेकांपासून लपवून. मी आयुष्यात फार कमी वेळा रडले आहे. त्या दारात रडले.

ब्रदर हॉयटनी डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. सवयच ती. ड्रूने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डोळे मिटू नका, डॅडी. माझ्याकडे बघा. देवाशी नंतर बोला."

त्यांनी डोळे उघडले. पाणावलेले, निळे.

"तुमच्या खोट्यामुळे आई गेली नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिने वर्गात कितीतरी वेळा वेगवेगळ्या नावांनी शिकवलं होतं, पण आता तिचा आवाज फाटला. "माझ्या शंकेमुळेही नाही."

म्हातारा म्हणाला, "डॉक्टरकडे न्यायला हवं होतं तिला."

"हो," ड्रू म्हणाली. तेवढ्यातून तिने त्यांना सोडवलं नाही. "न्यायला हवं होतं."

"अर्ध्या तासावर होता. गाडी दारात होती. लोक काय म्हणतील म्हणून नेलं नाही मी."

"हो, डॅडी."

त्यांना आणखी काही बोलायचं होतं, शब्द येईनात. मग खुर्चीच्या हातावरून त्यांचा उजवा हात निघाला, गाठी पडलेला, डागाळलेला, आणि कापत कापत खांद्याच्या वर गेला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून मागितलेला तो हात. डोळे त्यांनी मिटले नाहीत.

ड्रूने तो नीट बघितला. हात थकून खाली यायला लागला तशी ती उठली आणि तिने तो आपल्या हातात घेतला.

"दिसला, डॅडी," ती म्हणाली. "मला दिसला."

मग ती बसली आणि तिने पुडिंगचा डबा उघडला.